आईला बोलावणारं बटण

आमच्या घरात भिंतीवर काचेची गुळगुळीत बटणं आहेत, आणि मला त्यांची किळस येते. हे आधीच सांगून टाकतो, कारण माणूस साठीला टेकला की त्याला नवं काही सोसत नाही असं लोक लगेच धरून चालतात. तसं काही नाही. भोकरदनला माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे, निम्मा धंदा मोबाईलवर चालतो, आणि मोबाईल बंद पडला तर आधी मीच कावराबावरा होतो. बटणं बिचारी सांगितलं तेवढंच करतात. शिसारी येते ती आमची, घरातल्या सगळ्या शहाण्या माणसांची, आणि त्यात पहिला नंबर माझा लागतो.

जालना रस्त्याला घर बांधलं तेव्हा आईला मागची खोली दिली. संडास-मोरी जवळ, पायऱ्या नाहीत, आणि तिचे गुडघे गेलेले, म्हणून. खोली तशी चांगली आहे, पण खिडकी उघडली की हातभरावर शेजाऱ्याची भिंत, त्यामुळे भर दुपारीही दिवा लावावा लागतो. आई दिवसभर त्या दिव्याखाली गोधडी शिवत बसते. तिला ऐकू येत नाही. आधी एका कानानं कमी यायचं, मग दोन्ही गेले. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून तिनं ते सुईदोऱ्याच्या डब्यात टाकलं, ते अजून तिथंच आहे.

तर तिला जेवायला बोलवायचं म्हणजे तिच्यापर्यंत चालत जावं लागायचं. दारातून हाका मारून उपयोग नाही. जवळ जाऊन खांद्याला हात लावायचा, मग ती वर बघणार, चष्मा कपाळावर सरकवणार आणि म्हणणार, "आला का? बस." जेवायला चल म्हणून खूण केली तरी आधी बसावंच लागायचं. मग तिचं सुरू. हा तुकडा तुझ्या बापाच्या धोतराचा, हा तुझ्या लग्नातल्या पातळाचा. वरच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी कसं गोड होतं. पुण्याच्या धाकट्याचं पोट बरं आहे का. आपलं उत्तर तिला ऐकू येणार नसायचं, म्हणून नुसती मान हलवायची. दहा मिनिटं मोडायची. इकडे भाकरी निवायच्या आणि बायको ओरडायची, "आणायला पाठवलं का तिथंच राह्यला?" आईला बोलवायला कोणी जायचं यावरून आमच्यात रोज कुरबूर. मुलगी म्हणायची, "मी सकाळी गेल्ते, आता पप्पा जातील." बायको, मुलगी, मी, तिघंही टाळायचो. पण कोणीतरी जायचंच, दिवसातून तीन-चार वेळा, कारण दुसरा इलाज नव्हता.

धाकटा भाऊ पुण्याला कंप्युटरच्या कंपनीत आहे. तो दिवाळीला आला आणि चार दिवसांत घराचं रूप पालटायला निघाला. "दादा, अख्खं घर स्मार्ट करून टाकू. खर्चा माझा." संभाजीनगरहून त्याच्या ओळखीचा एक इलेक्ट्रिशियन आला. त्यानं जुने खटके काढले, भिंती फोडून एकेक तार जादा ओढली आणि काचेच्या पट्ट्या बसवल्या. नुसतं बोट टेकवलं की दिवा. काम झाल्यावर बैठकीत उभा राहून तो आम्हाला समजावून सांगायला लागला. "बघा भाऊ, आता दिवा एका जागेचा राह्यला न्हाई. जिन्यातला दिवा बैठकीतून लावा, गच्चीवरचा किचनमधून बंद करा. कोणता बी दिवा, कुठून बी. साहेब पुण्याहून मोबाईलवर लावतील. बिलकुल टेन्शन न्हाई." आम्हाला जिन्यातला दिवा खालून लावून वर गेल्यावर बंद करायचा, एवढंच ठाऊक. आम्ही तोंडाचा आ करून बघत राहिलो.

आणि तिथं माझ्या सुपीक डोक्यात ते आलं. मी विचारलं, "आईच्या खोलीतला दिवा स्वयंपाकघरातून मिटवून परत लावता येईल का?"

"बराबर येईल."

"मग झालं तर. तिला बोलवायला कोणी जायलाच नको."

भावानं पाठीत थाप मारली, म्हणाला, "दादा, तू आमच्या कंपनीत पाहिजे होतास." बायकोचा चेहरा तर असा फुलला की सोन्याची बांगडी आणली असती तरी तितका फुलला नसता. तिथल्या तिथं ठरलं. दिवा एकदा मिटून लागला तर आईनं स्वयंपाकघरात यायचं, दोनदा मिटून लागला तर बैठकीत. मीच तिच्याशेजारी बसून हातवारे करून शिकवलं. तिला लगेच कळलं. ती हसलीसुद्धा. "बरं झालं बाबा, तुमच्या चकरा वाचल्या," म्हणाली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं त्या दिवशी. आज ते आठवलं की तोंड कडू होतं.

एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नव्हती. आईचं बोट त्या काचेला कळत नव्हतं. जन्मभर निंदण-खुरपण केलेला हात, बोटांची टोकं वाळून कडक झालेली. ती पट्टीवर बोट टेकवायची, दाबायची, घासायची, पण काच ढिम्म. आम्ही टेकवलं की लगेच दिवा. आठ दिवस तिनं खटपट केली, बोट ओलं करून पाहिलं, मग नाद सोडला. म्हणजे तिच्या खोलीतला दिवा स्वयंपाकघरातून लागत होता, बैठकीतून लागत होता, पुण्याहूनही लागत होता, आणि जी बाई त्या खोलीत राहते तिलाच तेवढा लावता येत नव्हता. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "तिला लावायची गरजच काय? मी टायमिंग लावून देतो." त्यानं दिलं लावून. सकाळी दिवा आपोआप लागायचा आणि रात्री ठरल्या वेळेला आपोआप जायचा, मग तिचा टाका अर्धा राहिला असला तरी. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

पूर्वी दिवेलागणीला आई बैठकीत येऊन दिवा लावायची आणि दिव्याला हात जोडायची. आमच्याकडे सगळेच जोडतात, त्यात विशेष काही नाही. आता बैठकीतला दिवा संध्याकाळी आपला आपण लागायला लागला. पण एकदा मी स्वयंपाकघर आणि तिच्या खोलीमधल्या बोळीतून जाताना पाहिलं, बायकोनं स्वयंपाकघरातून बटणाला बोट लावलं, आईच्या खोलीतला दिवा मिटून लागला, आणि आईनं सुई खाली ठेवून आधी त्या दिव्याला नमस्कार केला, मग भिंत धरून उठली. मी ते हसत हसत घरात सगळ्यांना सांगितलं. महिन्याभरात तिचं हात जोडणं बंद झालं. दिवसातून पंधरा वेळा कोण जोडील?

पंधरा वेळा म्हणजे खरंच पंधरा वेळा. आधी जेवायला आणि चहाला एवढंच होतं. मग फुकटचं हाताशी आलं म्हटल्यावर आम्हाला काय धरबंध? मेथी निवडायला बोलव. गोधड्यांच्या पेटीची किल्ली कुठं ठेवली ते विचारायला बोलव. दळण आलं, डबा रिकामा आहे का बघायला बोलव. जे काम उठून दोन पावलं गेलं तर आमचं आम्हाला झालं असतं, त्यासाठी गुडघे गेलेली बाई मागच्या खोलीतून चालत यायची. मी पेपरातून डोकं वर न काढता बोट टेकवायचो आणि दोन मिनिटांत ती दारात हजर. आणि तिच्या खोलीत कोणी जायचं थांबलं ते थांबलंच. धोतराचा तुकडा, पातळाचा तुकडा, विहीर, सगळं तिचं तिच्याजवळ राहिलं. स्वयंपाकघरात येऊन ती ते कसं सांगणार? तिथं जो तो घाईत.

भावाची तर आणखी तऱ्हा. तो आधी दर रविवारी मोबाईलवर चेहरा दाखवायचा, आई ऐकू येत नसतानाही त्याच्याकडे अर्धा तास बघत बसायची. आता त्यानं नवंच काढलं. रोज संध्याकाळी पुण्याहून तिच्या खोलीतला दिवा तीनदा मिटवायचा. "तिला कळतं दादा, मी आठवण काढली म्हणून," असं तो वर मला सांगायचा. तिला काय कळत होतं ते मी बघत होतो. तीनदा म्हणजे धाकटा, एवढं मी तिला खुणेनं सांगितलं होतं, म्हणून दिवा तीनदा मिटला की ती बैठकीत यायची आणि माझ्या मोबाईलकडे बघत विचारायची, "धाकट्याचा फोन आल्ता का?" मी मान हलवायचो, नाही म्हणून. ती थोडा वेळ उभी राहायची, मोबाईल वाजेल म्हणून वाट बघायची, मग परत जायची. पुढे पुढे रविवारचा फोनही बंद झाला. रोजची आठवण निघत होतीच ना.

यात लाईटची भर पडली. आमच्याकडची लाईट कशी आहे हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. येते आणि जाते. इन्व्हर्टर आहे, पण लाईट गेली की तो धरेपर्यंत दिवा एकदा मिटून लागतो. एकदा म्हणजे स्वयंपाकघर. आई उठायची. उन्हाळ्यात एका दुपारी सहा वेळा लाईट गेली आणि सहा वेळा आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "मला वाटलं, बोलावलं." बायको पंजा उलटा करून दाखवायची, कोणी नाही बोलावलं. सहाव्या वेळी मी तिथंच पाणी पीत होतो. बायको आईच्या तोंडावर मला म्हणाली, "डोक्याला ताप झालाय नुसता. हिला कोणीतरी सांगा, जरा एका जागी बस म्हणावं." बहिऱ्या माणसाच्या समोर काहीही बोलता येतं, ही सोय आम्ही फार पूर्वीपासून वापरत होतो. आई आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघून हसली. तिला वाटलं, आमचं आमचं काही चाललंय. मी पाणी पिऊन दुकानात निघून गेलो.

त्यानंतर ती सावध झाली. एकदा दिवा मिटला तर उठायची नाही, परत मिटतोय का ते बघायची. त्यात भाकरी निवायची आणि आम्ही म्हणायचो, आता बघा, मुद्दाम करते. मीच म्हणालो होतो तसं. शब्द माझेच आहेत, दुसऱ्यावर ढकलता येत नाहीत.

मग मुलीला बघायला पाहुणे आले. जालन्याचे, चांगलं खातंपितं घर. मुलगा आणि त्याचे आईवडील, तिघंच. आईला सकाळीच नवं लुगडं नेसवलं आणि खुणेनं सांगितलं, बोलावू तेव्हा ये. ती सकाळपासून डोक्यावर पदर घेऊन पलंगाच्या कडेला ताठ बसून होती. पोहे झाले, मुलगी येऊन बसून गेली, आणि मुलाच्या वडिलांनी विचारलं, "आजी कुठंत?"

"बोलावतो की," असं म्हणून मी बसल्या जागेवरून पट्टीला दोनदा बोट लावलं. आई आली. सगळ्यांना हात जोडले, थोडी टेकली, आणि कोणी काही बोलत नाही असं पाहून आत गेली.

मुलाचे वडील म्हणाले, "ऐकू येत न्हाई म्हणता, मंग त्यांना कळलं कसं?"

इथं मी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण नव्या घराचा तोरा होता. मी सगळं सविस्तर सांगितलं, कल्पना माझीच होती हेही सांगितलं. ते खूश झाले. "अरे वा! दाखवा बरं पुन्हा." मी पुन्हा बोट लावलं. आई पुन्हा आली. "काय रं, काई लागतं का?" मी हात हलवला, काही नाही, जा. ती गेली. मुलाचे वडील उठून पट्टीपाशी आले, आणि त्यांनी मला विचारलं, "मी दाबू का?"

मी म्हणालो, "दाबा की."

माझ्या आईला बोलावण्याची परवानगी मी एका परक्या माणसाला तासाभराच्या ओळखीवर दिली. त्यांनी दोनदा बोट लावलं. या खेपेला आई जरा उशिरा आली, भिंतीला हात लावत, धापा टाकत. दारात उभी राहून तिनं सगळ्यांकडे पाहिलं. मुलाचे वडील टाळी देऊन हसत होते, त्यांची बायको तोंडाला पदर लावून हसत होती. मुलगा मोबाईल समोर धरून बसला होता. मला वाटलं मेसेज बघतोय, पण तो आईचा व्हिडिओ काढत होता. आणि सगळे हसताहेत म्हटल्यावर आईही हसली. तिला वाटलं असेल, काहीतरी आनंदाचं ठरलं. मीही हसलो. पाहुण्यांच्या बरोबरीनं, मोठ्यानं.

संध्याकाळी निरोप आला, मुलगी पसंत आहे. घरात गोडाचं करायची तयारी सुरू झाली. मुलगी म्हणाली, "मला तिथं करायचं न्हाई."

आधी मी चिडलो. मग कारण कळलं तेव्हा मनातून बरंच वाटलं, की पोरीवर संस्कार चांगले आहेत. मी तिला जवळ बसवून म्हणालो, "खरंय बाई तुझं. मलाही त्यांनी आजीला असं बोलावलं ते आवडलं नाही."

ती म्हणाली, "त्यांनी शेवटी दाबलं, पप्पा. आधी दोनदा तुम्हीच दाबलं." आणि म्हणाली, "मी बी रोज दाबते."

स्थळ नाकारल्याचं कळवून टाकलं, कारण काही सांगितलं नाही. त्या लोकांनी आमच्या घरी येऊन आमच्यापेक्षा वेगळं काय केलं होतं? पण पोरीचं बोलणं डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईकाला युरियाच्या जागी दुसरंच पोतं काढून दिलं. दुपारी लवकर घरी आलो. बायको सवयीनं पट्टीकडे हात नेत होती, तिला म्हणालो, "राहू दे. आईला मी आणतो."

बोळीतून जाताना मला बरं वाटत होतं. आपण काहीतरी चांगलं करून राह्यलो, असं. सहा-सात महिन्यांनी आईच्या खोलीत दहा पावलं चालत निघालो होतो तर छाती फुगली होती माझी. तेही आता आठवलं की शरम वाटते.

आई दाराकडे पाठ करून टाके घालत होती. मी जवळ जाऊन तिच्या खांद्याला हात लावला.

ती एवढी दचकली की सुई हातात टोचली. वळून तिनं मला पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. गोधडी मांडीवरून खाली पडली. तिनं माझे दोन्ही हात घट्ट धरले.

"कोन गेलं रं?"

मला कळलंच नाही. मी नुसता बघत राहिलो, आणि माझ्या गप्प राहण्यानं ती आणखी घाबरली. "धाकटा बरा हाय ना? त्याची लेकरं? सांग ना लवकर, कोन गेलं?"

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. जेवायला दिवा होता, चहाला दिवा होता, मेथीला, किल्लीला, पाहुण्यांच्या करमणुकीला दिवा होता. आता तिच्या खोलीत माणूस स्वतःच्या पायांनी चालत आला म्हणजे कोणीतरी मेलं असणार, दुसरं काय?

मी जोरजोरात मान हलवली. हात तोंडाशी नेऊन जेवायची खूण केली. तिला पटेना. ती माझ्या डोळ्यांत निरखून बघत राहिली, मी काही लपवतोय का म्हणून. मी परत खूण केली, परत मान हलवली. मग तिनं श्वास सोडला आणि हात सोडले. बोटावर रक्ताचा थेंब आला होता, तो तिनं लुगड्याला पुसला.

"जेवायला व्हय? मंग बटन काहून न्हाई दाबलं? बिघडलं का?"

मी तिच्याशेजारी सतरंजीवर बसलो. तिनं जरा वेळ वाट पाहिली, मी बसलोच म्हटल्यावर स्वतःच भिंत धरून उठली.

"चल, भाकर निवून राह्यली असंल," ती म्हणाली. "अन् पुढल्या बारीला बटनच दाबत जाय बाबा. माणूस आलं की भेव वाटतं."